जुना रोलँड एसएच-१०१ सुरात कसा आणायचा: पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी

"वर गेलं की चढतो बघ हा. मी बेंडर जरासा डावीकडे धरूनच वाजवायचो," असं म्हणत काकांनी त्यांचा राखाडी एसएच-१०१ सिंथेसायझर माझ्या हातात दिला. (बेंडर म्हणजे सूर वर-खाली ढकलायचा दांडा.) ऐंशीच्या दशकात ते ऑर्केस्ट्रात हा सिंथ वाजवत. नंतर बरीच वर्षं तो कपाटावर पडून होता. घरी आणून ट्यूनर लावला तर खालचा ए (पाश्चात्त्य स्वरनावांतला एक सूर) अगदी बरोबर आणि दोन सप्तकं वरचा ए २६ सेंट चढा. (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) काकांचा कान पक्का होता.

पुढच्या तीन रात्री मी जे केलं ते तुम्ही करू नये म्हणून हा लेख लिहितोय. सिंथ लगेच उघडला, जो ट्रिमर (बोर्डावरचा जुळणीचा बारीक फिरता स्क्रू) फिरवला की सूर हलतो तो फिरवत बसलो, खालचा ए लावला की वरचा बिघडायचा, वरचा लावला की खालचा. पहाटे दोन्ही जमले म्हणून झोपलो आणि सकाळी पाहतो तर दोन्ही पुन्हा बाहेर. मुख्य म्हणजे कारखान्यात लावलेल्या ट्रिमरच्या मूळ जागा मी कुठेच लिहून ठेवल्या नव्हत्या. त्या कायमच्या गेल्या.

तेव्हा मला एक गोष्ट कळलेली नव्हती. कॅलिब्रेशनमध्ये आपण सूर लावत नाही, दोन सुरांमधलं अंतर लावतो. सूर लावणं शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. ही गोष्ट डोक्यात बसली की खालच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम आपोआप पटेल.

## उघडण्याआधी: आत नेमकं काय चालतं

एसएच-१०१ रोलँडने १९८२ मध्ये आणला. ३२ पट्ट्या, एक ऑसिलेटर (मूळ सूर तयार करणारा भाग), एक फिल्टर (त्याचा पोत बदलणारा), एक एन्व्हलप (आवाज कसा चढेल-उतरेल ते ठरवणारा). (त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग रोलँडचीच ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन राग वाजवत होते. आपल्याकडे ही यंत्रं तेव्हाच येऊन पोहोचली होती, त्यामुळे एखाद्या जुन्या वादकाच्या घरी असा सिंथ निघाला तर नवल मानू नका.)

पट्टी दाबली की आतला प्रोसेसर ती ओळखतो आणि तिच्यासाठी ठरलेलं व्होल्टेज तयार होतं. ते व्होल्टेज ऑसिलेटरकडे जातं. नियम असा की एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. सप्तकात बारा अर्धस्वर, म्हणून एका अर्धस्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक सेंट, म्हणजे जेमतेम ०.८३ मिलिव्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा, मल्टिमीटर निवडताना लागेल.

व्होल्टेज सरळ चढतं, पण कंपनसंख्या दर सप्तकाला दुप्पट व्हावी लागते: ११०, २२०, ४४०, ८८०. हे रूपांतर ट्रान्झिस्टरची जोडी करते आणि तिथेच सगळी गोम आहे. साध्या खोलीच्या तापमानाला ट्रान्झिस्टरच्या बेसवरचं व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने वाढलं की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. हे १८ मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात. एक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३३ टक्के फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चार सप्तकांवर तो १६ सेंट होतो. काहीच उपाय केला नाही, तर खोलीत एक अंश उकाडा वाढला तरी एवढी गडबड होईल. सत्तरच्या दशकातले सिंथ मंचावर सूर सोडायचे त्यामागे हेच कारण होतं.

एसएच-१०१ मध्ये सीईएम३३४० ही चिप आहे, डग कर्टिस यांच्या कंपनीची. तापमानाची ही भरपाई चिपच्या पोटातच केलेली आहे. सिक्वेन्शियल कंपनीच्या प्रॉफेट-५ या सिंथच्या तिसऱ्या आवृत्तीतही हीच चिप होती. शिकायला १०१ चांगला असं मी म्हणतो त्याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण असं की तो बॅटरीवर किंवा बाहेरच्या अडॅप्टरवर चालतो, त्यामुळे पेटीच्या आत २३० व्होल्ट कुठेच नसतात.

आता दोन शब्द पक्के करा: विड्थ आणि ट्यून. विड्थ म्हणजे फूटपट्टीवरच्या खुणांमधलं अंतर. ट्यून म्हणजे ती फूटपट्टी कागदावर कुठे ठेवायची ते. खुणाच ताणलेल्या असतील, तर फूटपट्टी कितीही सरकवा, एकाच ठिकाणी जुळणार आणि बाकी सगळीकडे चुकणार. काका बेंडरने फूटपट्टी सरकवत होते. बिघाड मात्र खुणांमध्ये होता.

## काय काय लागेल

- तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस नोट्स, छापून. कोणता ट्रिमर कुठे आहे आणि त्याचा क्रमांक काय, हे तिथूनच घ्या. मी इथे मुद्दाम क्रमांक देत नाही. बोर्डावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक तुम्ही स्वतः जुळवून पाहिल्याशिवाय ट्रिमरला हात लावायचा नाही.
- साडेचार अंकी मल्टिमीटर. नेहमीचा साडेतीन अंकी मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ०.०१ व्होल्टपर्यंतच दाखवतो. ०.०१ व्होल्ट म्हणजे १२ सेंट! तेवढ्या जाड पट्टीने हे मोजमाप होत नाही. एक मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर विकत घ्या किंवा कुणाकडून मागून आणा.
- ट्यूनर, केबलने जोडता येणारा. फोनवरचं ॲप चालतं, पण माइकवर भरवसा ठेवू नका, खालचे सूर त्याला धड ऐकू येत नाहीत. ऑडिओ इंटरफेसमधून सिग्नल थेट आत घ्या.
- प्लॅस्टिकचं किंवा सिरॅमिक टोकाचं ट्रिमर फिरवायचं हत्यार. धातूचा स्क्रू ड्रायव्हर निसटला तर शेजारच्या दोन पिना जोडून बसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत असली हत्यारं मिळतात.
- कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, स्क्रू ठेवायला झाकणाच्या डब्या.
- वही आणि पेन. फोटोसाठी फोन.
- अख्खी दुपार. संध्याकाळी कार्यक्रम असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

## १. आधी वीज

बॅटरीचा कप्पा उघडून बघा. आत पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल फुटून गळले आहेत. आधी ती साफ करा, स्प्रिंगा पुसून कोरड्या करा. मगच पुढे जा.

अडॅप्टरचा पिनचा आकार जुळला म्हणून तो चालेलच असं नाही. प्लस-मायनस उलट असू शकतं. सॉकेटजवळ काढलेली खूण आणि अडॅप्टरवरची खूण शेजारी ठेवून बघा. जपानहून मागवलेल्या यंत्राबरोबर येणारा मूळ अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. तो आपल्याकडच्या सॉकेटमध्ये थेट लावला की जळतो.

सिंथ चालू असताना अडॅप्टरचं व्होल्टेज मोजा. नुसता अडॅप्टर मोजून उपयोग नाही, भार पडल्यावर तो किती खाली बसतो हे महत्त्वाचं. माझ्या त्या तीन रात्रींतली एक याच कारणाने वाया गेली. स्वस्तातला अडॅप्टर होता, रात्री घरातला एसी सुरू झाला की व्होल्टेज डळमळायचं आणि त्याबरोबर सूरही. मी ट्रिमरला दोष देत होतो. आतली व्होल्टेजं सर्व्हिस नोट्समधल्या आकड्यांशी जुळत नसतील, तर कॅलिब्रेशन तिथेच थांबवा. आधी दुरुस्ती.

## २. पॅनेल रिकामं करा

सुराला धक्का लावू शकेल अशी प्रत्येक गोष्ट बंद करायची:

- ऑसिलेटरचा मॉड स्लायडर पूर्ण खाली. बेंडरचे दोन्ही स्लायडर पूर्ण खाली, कारण जुना बेंडर क्वचितच नेमका मध्यावर परत येतो.
- पोर्टामेंटो बंद. ट्रान्सपोज मधल्या जागी. रेंज (सप्तक निवडायचा स्विच) ८ फुटांवर.
- ट्यून नॉब बरोबर मध्यावर.
- मिक्सरमध्ये फक्त चौकोनी लहर वर. सब-ऑसिलेटर, सॉ आणि नॉइज खाली. सब-ऑसिलेटर एक किंवा दोन सप्तकं खालचा सूर देतो, ट्यूनर त्यालाच धरून बसतो.
- फिल्टर अर्ध्यावर, रेझोनन्स शून्य. व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) 'गेट'वर.

होल्डचं बटण वापरा. पट्टी सोडल्यावरही सूर चालू राहतो आणि दोन्ही हात मोकळे मिळतात. हे मला फार उशिरा सुचलं. तोवर मी पट्टीवर पुस्तकाचं वजन ठेवायचो.

## ३. तापू द्या

अर्धा तास चालू ठेवा. पंखा बंद, एसीचा झोत दुसरीकडे, खिडकीतलं ऊन यंत्रावर नको. चिपमध्ये भरपाई असली, तरी बोर्डावरचे बाकीचे भाग स्थिरावायला वेळ घेतात. एकच ए धरून दर पाच मिनिटांनी ट्यूनरचा आकडा लिहा. लागोपाठ तीन आकडे जवळजवळ सारखे आले की यंत्र तयार आहे.

## ४. न उघडता नोंद करा

ही पायरी गाळली म्हणून माझं नुकसान झालं, त्यामुळे इथे थोडा थांबणार आहे.

३२ पट्ट्यांमध्ये तीन ए येतात. तिन्ही वाजवून किती सेंट चढे किंवा उतरे आहेत ते लिहा. मग तिन्ही एफ. मग मधल्या सप्तकाच्या बाराही पट्ट्या. वहीत दोन रकाने करा, पट्टी आणि सेंट. हा कागद बोलका असतो. बिघाड कुठे आहे ते तोच सांगतो:

सगळे सूर सारखेच चढे किंवा उतरे असतील, समजा सगळीकडे उणे १८, तर विड्थ उत्तम आहे. फक्त ट्यून हलवायचं आहे. बऱ्याचदा ते ट्यून नॉबने भागतं आणि पेटी उघडावीच लागत नाही.

वर जाताना चूक हळूहळू वाढत जाते, शून्य, अधिक ६, अधिक १२: ही विड्थची चूक. काकांच्या सिंथची हीच तक्रार होती.

एका ठरावीक पट्टीपासून पुढे सूर एकदम उडी मारतो: ऑसिलेटरला हात लावू नका. व्होल्टेज बनवणाऱ्या भागात गडबड आहे.

एकच पट्टी कधी वाजते कधी नाही: ते कॅलिब्रेशन नाही, कॉन्टॅक्टची घाण आहे. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत, हे हमखास होतं.

आकडा एका जागी ठरतच नाही, वाचताना वर-खाली उड्या मारतो: स्लायडर आणि स्विच साफ करा, थांबा, पुन्हा मोजा. हलणाऱ्या आकड्यावर ट्रिमर फिरवणं म्हणजे चालत्या बसमध्ये सुईत दोरा ओवणं.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या लोकांसाठी. हे काम तानपुऱ्यावर करू नका. तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. सिंथचा गंधार समान अंतरांच्या सप्तकातला, ४०० सेंटवर. म्हणजे अगदी नीट लागलेला सिंथही तानपुऱ्याजवळ १४ सेंट चढा वाटणारच. कान तयार असलेला माणूस इथे हमखास फसतो आणि धडधाकट सिंथ "दुरुस्त" करायला घेतो. कानाने तपासायचंच असेल तर फक्त षड्ज ते षड्ज, सप्तकाचं अंतर तपासा. तिथे दोन्ही पद्धतींचं एकमत आहे.

## ५. पट्ट्यांचं व्होल्टेज मोजा

अजूनही पेटी बंदच आहे. मागच्या बाजूला सीव्ही आउटचं, म्हणजे पट्टीचं व्होल्टेज बाहेर देणारं सॉकेट आहे. त्यात एक केबल घाला आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावा. खालचा एफ दाबून आकडा लिहा, मग मधला एफ, मग वरचा एफ. आकडे कितीही असोत, आपल्याला फक्त वजाबाकी बघायची आहे. ती प्रत्येक वेळी १.००० व्होल्ट यायला हवी.

समजा ०.९९० आली. म्हणजे पट्ट्याच दर सप्तकाला १० मिलिव्होल्ट, अर्थात १२ सेंट कमी देत आहेत. ही चूक ऑसिलेटरच्या विड्थने झाकता येते, आणि अनेकजण झाकतात. सिंथ स्वतःच्या पट्ट्यांवर सुरात वाजतो, पण बाहेरचा सिक्वेन्सर (सुरावट आपोआप वाजवणारं यंत्र) जोडला की तो बरोबर एक व्होल्ट पाठवतो आणि सगळं बेसूर होतं. वर फिल्टरही त्याच चुकीच्या व्होल्टेजवर चालत राहतो. म्हणून चूक जिथे जन्मली तिथेच काढायची: सर्व्हिस नोट्समध्ये डी/ए विभागाची (प्रोसेसरच्या आकड्यांचं व्होल्टेज बनवणाऱ्या भागाची) जुळणी दिलेली आहे, ती आधी करा.

वजाबाकी बरोबर आली आणि सूर तरीही चुकतोय, तर आता खात्रीने म्हणता येईल की चूक ऑसिलेटरच्या विड्थमध्ये आहे.

## ६. उघडा, पण सावकाश

वीज काढा, सेल काढा. पॅनेलखाली मऊ टॉवेल घालून सिंथ उपडा ठेवा. स्क्रू काढाल तसे कागदावर आकृतीत त्या-त्या जागी टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असू शकते. चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, ओढाताण केली की आतले खांब चिरतात.

हात लावण्याआधी प्रत्येक ट्रिमरचा जवळून फोटो काढा. बारीक मार्करने मूळ जागेवर खूणही करा. काही ट्रिमरवर लाखेसारखा थेंब असतो, तो कारखान्यातला. थेंब तुटलेला दिसला तर तुमच्या आधी कुणीतरी तिथे हात घातलेला आहे असं समजा.

पुन्हा वीज द्या आणि वीस मिनिटं थांबा. झाकण निघाल्यावर आतली हवा बदलते, आधीचं तापणं आता धरायचं नाही.

## ७. विड्थ: खरं काम इथे आहे

ट्यूनर लावा, सगळ्यात खालचा ए धरा, आकडा लिहा. सगळ्यात वरचा ए धरा, आकडा लिहा. वजाबाकी करा. पुढचा अर्धा तास ही वजाबाकी सोडून दुसऱ्या कशाकडेही बघायचं नाही.

उदाहरण घेऊ. खालचा ए अधिक ३, वरचा अधिक १५. फरक १२. दोन सप्तकांत १२, म्हणजे सप्तकाला ६ सेंट जास्त. विड्थचा ट्रिमर अगदी किंचित फिरवा. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो तेवढाच. पुन्हा दोन्ही ए वाजवा.

आता खालचा उणे ९, वरचा उणे १. इथे नवशिका घाबरतो, कारण मघाशी जवळजवळ बरोबर असलेला खालचा ए बिघडलेला दिसतो. तो परत आणायला माणूस ट्रिमर मागे फिरवतो आणि रात्र तिथेच जाते. फरक बघा: १२ होता, ८ झाला. दिशा बरोबर आहे. पुढे चला.

शेवटी खालचा उणे ३३ आणि वरचाही उणे ३३ येईल. फरक शून्य. दोन्ही सूर भयंकर उतरलेले आहेत आणि विड्थ अचूक लागलेली आहे. हा क्षण ओळखता आला की हे काम तुम्हाला आलं.

खालचा ए का हलतो? विड्थ बदलली की फूटपट्टीवरची प्रत्येक खूण शून्यापासून लांब किंवा जवळ सरकते, आणि ऑसिलेटरला मिळणाऱ्या एकूण व्होल्टेजचं शून्य तुमच्या खालच्या ए पेक्षा बरंच खाली असतं. त्यामुळे दोन्ही सूर हलतात, वरचा थोडा जास्त. तो 'थोडा जास्त' भाग म्हणजेच आपली दुरुस्ती.

फरक शून्य झाल्यावर मधला ए तपासा. तोही उणे ३३ च्या आसपास आला पाहिजे. दोन टोकं जुळली आणि मधला सूर वेगळा निघाला, तर पाचव्या पायरीकडे परत जा. मी स्वतः दोन सप्तकांत २ सेंटपर्यंतचा फरक चालवून घेतो. त्याच्या मागे लागून ट्रिमर झिजवण्यात अर्थ नाही.

मग रेंजचा स्विच १६, ८, ४ आणि २ फुटांवर नेऊन एकच पट्टी वाजवा. प्रत्येक वेळी बरोबर सप्तकाची उडी यायला हवी. पट्ट्यांवर विड्थ बरोबर आणि स्विचवर उडी चुकीची असेल, तर स्विचच्या कॉन्टॅक्टवर आणि त्याच्या रेझिस्टरांवर संशय घ्या. विड्थ हलवून ही चूक लपवू नका.

ट्रिमर फिरवताना आकडा खरखरत उडत असेल, तर त्याच्या आतली पट्टी घाणीने खराब झाली आहे. वीज बंद करून थेंबभर क्लीनर घाला आणि काही वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवून खुणेवर परत आणा. तरीही खरखर राहिली तर ट्रिमर बदला. किमतीच्या मानाने ही सगळ्यात फायद्याची दुरुस्ती आहे.

## ८. ट्यून

ट्यून नॉब मध्यावर आहे ना, ते पुन्हा बघा. मधला ए धरा आणि ट्यूनचा ट्रिमर फिरवून आकडा शून्यावर आणा. उणे ३३ वाले तिन्ही ए एकदम शून्यावर येतील. पाच मिनिटांचं काम. झाल्यावर सातव्या पायरीची वजाबाकी एकदा पुन्हा करून बघा.

ए ४४० हर्ट्झवरच लावा. घरची हार्मोनियम जरा चढी असेल, तबला तिच्याशी मिळवलेला असेल, तरी ट्रिमर हार्मोनियमला जुळवू नका. त्यासाठी ट्यून नॉब दिलेला आहे. मधोमध ४४० ठेवलं तर नॉबला दोन्हीकडे सारखी जागा राहते.

## ९. फिल्टर

१०१ चा फिल्टर रेझोनन्स पूर्ण वर नेल्यावर स्वतःच शिटी घालू लागतो. ती शुद्ध साइन लहर असते, त्यामुळे ट्यूनरला छान कळते. मिक्सरचे सगळे स्लायडर खाली घ्या, फिल्टरचे एन्व्हलप आणि मॉड शून्यावर ठेवा, आणि कीबोर्ड फॉलोचा स्लायडर पूर्ण वर, अगदी टोकाला टेकेपर्यंत. तो टोकाशी खराब असेल तर फिल्टरला पूर्ण व्होल्ट पोहोचत नाही आणि विड्थ कधीच जुळत नाही. माझी दुसरी रात्र तिथे गेली. स्लायडर साफ केल्यावर फिल्टरच्या विड्थला हात लावायची गरजच उरली नाही.

पद्धत सातव्या पायरीचीच: दोन ए, वजाबाकी, फिल्टरच्या विड्थचा ट्रिमर. इथे दोन सप्तकांत ५ ते १० सेंटचा फरक मी सोडून देतो. शिटीच वाजवून सुरावट काढणार असाल, तर आणखी बारीक करा.

## १०. बंद करा आणि पुन्हा मोजा

तळ लावा, स्क्रू हलक्या हाताने आवळा, अर्धा तास चालू ठेवा. मग चौथ्या पायरीचा कागद समोर घेऊन तीच नोंद दुसऱ्या रकान्यात भरा. बंद पेटीत आतली उष्णता वेगळी असते, दोन-तीन सेंट सगळीकडे सारखे सरकलेले दिसतील. सारखे सरकले असतील तर नॉबने घ्या. अंतर बदललं असेल तरच पुन्हा उघडा.

## दुसरं यंत्र असेल तर

कॉर्गचा एमएस-२० हर्ट्झ प्रति व्होल्ट या वेगळ्या नियमावर चालतो. तिथे सप्तक चढायला व्होल्टेज दुप्पट करावं लागतं, म्हणून पाचव्या पायरीतली एक व्होल्टची वजाबाकी तिथे चालणार नाही.

दोन-तीन ऑसिलेटरच्या यंत्रात, मिनीमूगसारख्या, प्रत्येक ऑसिलेटर एकटा वाजवून वरच्याच क्रमाने लावा. शेवटी दोन एकत्र वाजवून लहरी ऐका. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवताना जी थरथर मंदावत जाते, तीच इथे ऐकू येते. वरच्या सप्तकात गेल्यावर थरथर फार वाढत असेल, तर दोघांच्या विड्थमध्ये अजून फरक आहे. अशा यंत्रांच्या पोटात थेट मेन्सची वीज असते. सवय नसेल तर ती उघडताना जाणकार माणूस शेजारी हवाच.

मिडी-टू-सीव्ही कन्व्हर्टर (संगणकाचे मिडी संदेश व्होल्टेजमध्ये बदलणारी पेटी) जोडत असाल आणि तो बेसूर वाजत असेल, तर कन्व्हर्टरची जुळणी बदला. सिंथ आता बरोबर आहे आणि त्याचा पुरावा तुमच्या वहीत आहे.

ती नोंद तारखेसह एका चिठ्ठीवर उतरवा: तीन ए चे आकडे, खोलीचं तापमान, ट्रिमरच्या नव्या जागा. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सर्व्हिस नोट्सच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा. मी वर्षातून दोनदा मोजतो, मार्चमध्ये आणि पावसाळा संपल्यावर. गेल्या चार वेळांत एकदाही पेटी उघडावी लागलेली नाही. काकांना फोनवर वरचा ए ऐकवला तेव्हा त्यांनी आधी खालचा वाजव म्हणून सांगितलं, मग वरचा, मग पुन्हा खालचा. तेही अंतरच मोजत होते.